पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी

पहाटे चारला फाटकाजवळचा वॉचमन खुर्ची मागे सारतो. साडेचारला पाण्याची मोटर घरघरते. पावणेपाचला कुणाच्या तरी घरी डब्याची घाई सुरू होते, परात ओट्यावर टेकते. पाचला दूधवाल्याची गाडी येते. स्टँड लागतो, पिशव्यांचा क्रेट जमिनीवर आदळतो, लिफ्टचं दार उघडतं. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत झोपलेल्या कुत्र्याने एकूण एक आवाज टिपलेला असतो. पाच वाजून दहा मिनिटांनी तो भुंकतो.

घरातले म्हणतात, उगाच भुंकतो. शेजारचेही तेच म्हणतात, जरा वरच्या पट्टीत. या ‘उगाच’पाशीच सगळं अडतं. एकदा उगाच म्हटलं की पुढे खेकसणं, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणं आणि तोंड बांधणं एवढंच सुचतं. पहाटेच्या भुंकण्याला कारण असतं, आणि बहुतेक घरांत दोन-तीन कारणं एकात एक गुंतलेली असतात. ती एकेक करून सोडवली तर भुंकणं थांबतं. त्याला आठवडे लागतात, पण थांबतं.

वेळही वाईट असते. रात्रभर जमीन थंड होत गेलेली असते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार. अशा वेळी आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. वारा पडलेला, रहदारी नाही, हिवाळ्यात तर पंखेही बंद. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून मीटरभरावर ९० डेसिबलचं भुंकणं ३२ मीटरवरच्या समोरच्या इमारतीत ६० डेसिबलने पोचतं. दुपारी हेच भुंकणं रिक्षांच्या आवाजात विरून जातं, पहाटे ते एकटं उरतं. म्हणून ‘दिवसभर भुंकतो तेव्हा कुणी काही बोलत नाही’ हा मालकाचा युक्तिवाद शेजाऱ्याला पटत नाही, आणि शेजाऱ्याचं बरोबर असतं.

आधी ऐकायला शिकावं लागतं. मराठीने या कामी आपली चांगली सोय करून ठेवली आहे. कुत्रा भुंकतो, वसकतो, गुरगुरतो, केकाटतो, विव्हळतो, कुईंकुईं करतो, हेल काढून रडतो. ही क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण आवाजच वेगळे आहेत. बुडापेस्टच्या विद्यापीठात पीटर पोंग्राच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडी या हंगेरियन मेंढपाळी जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं होतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुत्रा न पाळलेल्यांनाही नुसत्या आवाजावरून प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आला. खालच्या पट्टीतलं, भराभर येणारं भुंकणं लोकांना रागाचं वाटलं. चढ्या पट्टीतलं, मध्ये अंतर ठेवून येणारं भुंकणं व्याकुळ वाटलं.

पहाटेला हेच लावून पाहावं. दोन-चार भुंकण्यांचे जाड, घाईचे झुपके, मध्ये गुरगुर, तोंड दाराकडे किंवा कठड्याकडे: कुणीतरी आल्याची वर्दी. एकेरी, चढा ‘भू’, मग पाच-सात सेकंद थांबणं, मग पुन्हा ‘भू’, आणि तोंड तुमच्या खोलीच्या दाराकडे: हे बोलावणं आहे. कुईंकुईं करत येरझारा, अधूनमधून एखादं भुंकणं: पोट किंवा मूत्राशय. हेल काढून रडणं: बाहेरच्या टोळीला दिलेलं उत्तर, नाहीतर एकटेपणा. अमंगळ घडणार म्हणून कुत्रं रडतं ही समजूत सोडून द्यावी. तिच्यापायी पुष्कळ कुत्री विनाकारण मार खातात.

मग एक वही करावी. सात दिवस, रोज चार गोष्टी लिहायच्या: पहिलं भुंकणं किती वाजता, त्याच्या आधीच्या मिनिटात कोणता आवाज किंवा उजेड, कुत्र्याचं तोंड कुठे होतं, आणि घरातल्या माणसाने नंतर काय केलं. चौथा रकाना लोक गाळतात आणि तोच सर्वांत कामाचा असतो. झोपेत हे जमत नसेल तर जुना मोबाइल चार्जरला लावून खोलीच्या कोपऱ्यात रात्रभर चित्रण सुरू ठेवावं. आठवड्याने वही समोर ठेवली की आकार दिसतो. पाच-दहा, पाच-आठ, पाच-बारा असे आकडे असतील तर ते बाहेरचं वेळापत्रक आहे: दूध, पेपर, शेजारचा कुकर. वेळ ऋतूप्रमाणे सरकत असेल तर उजेड. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या जरा आधी उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सात वाजून गेल्यावर, आणि फटफटायला त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी लागतं. हिवाळ्यात शहाण्यासारखा झोपणारा कुत्रा मे महिन्यात साडेपाचला उठवतो, त्यात त्याचा बिघाड नाही. वेळा कशाही विखुरलेल्या असतील तर पोटाकडे पाहावं.

जागेपासून सुरुवात करावी, कारण तिथे एका रात्रीत फरक पडू शकतो. बाल्कनीत, पॅसेजमध्ये किंवा जिन्याखाली झोपणारा कुत्रा पहाऱ्यावर असतो. आपणच त्याला तिथे बसवलेलं असतं. इमारतीच्या चारी बाजूंचे आवाज त्याच्या अंगावर येतात आणि त्यातला कुठला आपल्या घराचा, कुठला परका हे ठरवायचं काम त्याच्या एकट्यावर पडतं. त्याला आत घ्यावं. मुख्य दारापासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांबची खोली, शक्यतो माणसाच्या श्वासाचा आवाज येईल अशी. पाठ टेकायला दोन भिंतींचा कोपरा, आणि अंग पूर्ण पसरून मावेल एवढी गादी. उन्हाळ्यात मात्र गादीशेजारी फरशीची उघडी जागा ठेवावी. बरीच कुत्री पहाटे तीनला उठून फरशीवर जातात आणि ती जागा नसेल तर दारापाशी जाऊन झोपतात, म्हणजे पुन्हा पहाऱ्यावर. आत झोपायची सवय नसलेल्या कुत्र्याला पहिल्या तीन-चार रात्री अवघड जातात. दुपारची झोप त्याच गादीवर आठवडाभर घडवून आणली तर रात्र सोपी होते. साखळीला बांधू नये. बांधलेल्या कुत्र्याला आवाजापासून दूर जाता येत नाही, म्हणून तो भुंकूनच आवाजाला दूर सारायला बघतो.

पडदा अस्तराचा, खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्हीकडे निदान अर्धा फूट जाणारा हवा. कडेने येणारी उजेडाची एक पट्टी कुत्र्याच्या डोळ्यावर पडली तरी सगळी मेहनत वाया. काचेच्या सरकत्या दाराला खालचे तीन फूट दुधी फिल्म चिकटवावी. हे कारवानी, म्हणजे मुधोळ, कुत्र्यांसाठी विशेष, कारण ती नजरेने शिकार करणारी जात. समोरच्या गच्चीवरचं मांजर त्यांना पुरतं. स्पिट्झला, ज्याला आपल्याकडे सरसकट पॉमेरेनियन म्हणतात, फिल्मचा उपयोग कमी. तो कानाने राखण करतो. त्याच्यासाठी मुख्य दाराखालची फट फोमच्या पट्टीने बुजवावी आणि पंखा चालू ठेवावा. पंख्याची एकसारखी घरघर जिन्यातल्या पावलांना झाकून टाकते. थंडीत पंखा भिंतीकडे तोंड करून लावला तरी चालतो. वारा नको, आवाज हवा.

आता दूधवाला. त्याच्यावर भुंकणं इतकं चिवट का असतं ते कुत्र्याच्या बाजूने पाहिलं की कळतं. परका माणूस दाराशी आला. कुत्रा भुंकला. माणूस निघून गेला. त्याला तसंही पुढच्या मजल्यावर जायचं होतं, पण कुत्र्याला ते कुठे माहीत? त्याच्या हिशेबात भुंकण्याने काम झालं. वर्षाचे ३६५ दिवस, एकदाही न चुकता, हा धडा त्याला मिळत असतो. इतका नेमाने आपण कुठलाच धडा त्याला देत नाही. त्यामुळे चार दिवस रागावून तो पुसला जात नाही.

इथे दोन कामं एकदम करावी लागतात. पहिलं, धडा बंद पाडणं. दूधवाल्याला सांगून पिशवी दाराऐवजी खाली वॉचमनकडे किंवा जिन्याच्या वळणावर ठेवायची सोय करावी, बेलचं बटण रात्री बंद करावं, पेपर दारावर फेकण्याऐवजी कडीला अडकवायला सांगावं. महिनाभर एवढं केलं तरी अर्धं भुंकणं उतरतं. दुसरं काम दिवसा करायचं. लिफ्टच्या दाराचा, बेलचा, क्रेटचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावा. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे वाटीत घ्यावेत. आवाज इतका बारीक लावावा की कुत्र्याचा कान हलेल पण तो उठणार नाही. आवाज आला, की सेकंदाच्या आत तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. उलटं झालं तर काहीच शिकणं होत नाही. एका बैठकीला दहा-बारा वेळा, पाच मिनिटांच्या वर नाही, दिवसातून दोनदा. आवाज आल्याबरोबर तो दाराकडे न बघता तुमच्या हाताकडे बघू लागला आणि हे सलग तीन बैठकांत दिसलं, की आवाज एक पायरी वाढवावा. मध्येच भुंकला तर आपण घाई केली असं समजून दोन पायऱ्या खाली यावं. पूर्ण आवाजापर्यंत पोचायला दोन ते चार आठवडे जातात. मग खरी बेल, घरातलंच कुणीतरी बाहेरून वाजवणारं. आणि जमलं तर दूधवाल्याचीच ओळख करून द्यावी, पहाटे दाराशी नव्हे, संध्याकाळी रस्त्यावर, पट्ट्यात, शेजारी-शेजारी दहा पावलं चालून.

‘गप’ हा शब्दही शिकवावा लागतो. नुसता ओरडून तो कळत नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याला आपलं ओरडणं म्हणजे घरातलंही कुणीतरी सोबतीने भुंकतंय असंच वाटत असणार. दिवसा तो दोनदा भुंकला की नाकाशी खाऊ न्यायचा. वास घेताना तो आपोआप थांबतो. त्या शांततेत हलक्या आवाजात ‘गप’ म्हणायचं, दोन सेकंद मोजायचे, खाऊ द्यायचा. मग चार सेकंद, आठ, पंधरा. शब्द सगळ्यांनी एकच वापरावा. एकाने ‘गप’, दुसऱ्याने ‘चूप बस’, तिसऱ्याने ‘नो’ म्हटलं तर कुत्र्याच्या लेखी ते तीन निरनिराळे आवाज.

पोटाचं आणि मूत्राशयाचं गणित संध्याकाळपासून सुरू होतं. मोठा निरोगी कुत्रा रात्री सात-आठ तास सहज धरू शकतो. पण नऊला शेवटचं शी-शू करून आणलं आणि पाचला तो हाक मारतो, तर आठ तास झालेच की. शेवटची फेरी साडेदहा-अकराला असावी. लहान असली तरी चालेल, पण पाय वर करून घाईने परत नको. पुन्हा एकदा करेपर्यंत थांबावं. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या सुमारास. फार लवकर दिलं तर पहाटे पोट रिकामं पडतं, काही कुत्री पिवळा फेस ओकतात आणि त्याच्या आधी अस्वस्थ होऊन उठवतात. अशांना जेवणातला पाव हिस्सा काढून ठेवून दहाला द्यावा. झोपताना दूध-पोळी घालायची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. पोट ढवळतं आणि पहाटे पाचला बाहेर जायची घाई होते. दूध बंद करून आठ दिवस वही पाहावी. उरलेली आमटी, कांदा-लसणाची भाजी तर अजिबात नको, कांदा कुत्र्याला विषारीच असतो. पाणी मात्र तोडू नये. उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पाणी अचानक जास्त प्यायला लागला असेल तर भांडं उचलण्याऐवजी डॉक्टर गाठावेत.

संध्याकाळी पाऊण तास फिरणं, त्यातली निदान वीस मिनिटं त्याच्या नाकाच्या मर्जीने. एका झाडाशी तीन मिनिटं थांबला तर थांबू द्यावं. नुसतं ओढत चार किलोमीटर नेलेला कुत्रा दमतो, पण त्याचं समाधान होत नाही. घरी जुन्या टॉवेलची सैल गुंडाळी करून तिच्या घड्यांत मूठभर कोरडं खाणं लपवावं. दहा-पंधरा मिनिटं हुंगण्यात गेली की तो शांत होऊन पडतो.

आणि आता ते काम, ज्याच्यावर सर्वांत जास्त भर द्यायला हवा. बोलावण्याचं भुंकणं आपणच शिकवलेलं असतं. केव्हातरी पोट बिघडलं होतं, तो पाचला भुंकला, कुणीतरी उठलं, बाहेर नेलं, आल्यावर वाटीत काहीतरी घातलं. दुसऱ्या दिवशी पोट बरं होतं, पण तो पुन्हा भुंकला, आणि शेजारी जागे होतील या भीतीने कुणीतरी पुन्हा उठलं. झालं. तिथून पुढे भुंकणं हे घरातलं दार उघडायचं बटण बनतं. हे तोडायचं तर आपण त्याच्या भुंकण्याच्या आधी उठायचं.

वहीतली सर्वांत लवकरची वेळ घ्यावी. ती पाच-दहा असेल तर चार-पन्नासचा गजर लावावा, पण उशीखाली, नुसत्या थरथरीवर. वाजणारा गजर लावला तर तीन दिवसांत तो गजरच त्याची घंटा होतो. उठल्यावर दिवा नाही, बोलणं नाही, लाड नाहीत. पट्टा अडकवून खाली, एकाच ठरलेल्या जागी, पाच मिनिटं, परत गादीवर. आपणही पुन्हा पडायचं. खाणं नाही. या पहिल्या दोन दिवसांत एक गोष्ट कळून जाते: भरपूर शू झाली तर गरज खरी होती, आणि नुसतं हुंगून परत आला तर ती सवय होती. दोन्हीत रीत तीच, पण पहिल्यात रात्रीची शेवटची फेरी आणखी उशिरा न्यावी लागते. सलग तीन पहाटी शांत गेल्या की गजर दहा मिनिटं पुढे. मध्ये भुंकला तर वीस मिनिटं मागे. चार-पन्नासपासून साडेसहापर्यंत शंभर मिनिटं आहेत, म्हणजे दहा टप्पे. एकेकाला तीन-चार दिवस धरले तर महिना ते सव्वा महिना. लोक आठव्या दिवशी एकदम साडेसहाचा गजर लावतात आणि ‘हे आमच्याकडे चाललं नाही’ म्हणतात.

सकाळ झाल्याची एक खूणही त्याला द्यावी. टायमरवरचा एक लहान दिवा त्याच्या खोलीत ठरलेल्या वेळी लागेल असा ठेवावा. दिवा लागल्यावरच दार उघडतं, बोलणं होतं, फिरणं होतं. न्याहारी त्याच्याही नंतर पाऊण तासाने, घड्याळाप्रमाणे, म्हणजे उठणं आणि खाणं यांची गाठ सुटते. दोन-तीन आठवड्यांत तो डोळे उघडून दिव्याकडे बघतो आणि अंधार दिसला की पुन्हा मान टाकतो. रविवारीही दिवा त्याच वेळी. पाच दिवस डब्यासाठी साडेपाचला उठायचं आणि रविवारी कुत्र्याने आठपर्यंत झोपावं ही अपेक्षा न्यायाची नाही, त्याला वार कळत नाहीत.

तरी एखाद्या दिवशी तुमच्या आधी तो भुंकेल. तेव्हा दाराच्या आतच थांबावं. पाच सेकंद पूर्ण शांतता मिळाली की मगच दार उघडावं. पुढच्या वेळी दहा. पण भुंकण्याकडे नुसतं दुर्लक्ष करायचं ठरवलं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असावी: ते कमी होण्याआधी वाढतं. जे बटण रोज चालत होतं ते चालेना, म्हणून तो जास्त जोरात, जास्त वेळ दाबतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घर हार मानतं आणि कुणीतरी उठतं. त्याने सगळ्यांत मोठं नुकसान होतं, कारण कुत्रा शिकतो की पाच मिनिटांनी होत नसेल तर पंचवीस मिनिटं भुंकायचं. फ्लॅटमध्ये ही पंचवीस मिनिटं शेजाऱ्यांच्या झोपेतून जातात. म्हणून भुंकण्याआधी उठायची रीत बरी, कष्टाची असली तरी.

आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. हे सांगताना आजोबांचं बिस्किट आठवल्याशिवाय राहत नाही. आजोबा पाचला उठतात, चहा करतात, आणि पायाशी आलेल्या जिवाला अर्धं बिस्किट देतात. यात प्रेमाशिवाय काही नाही, आणि ते बंद करा म्हणणं जड जातं. पण सगळं घर महिनाभर राबलं आणि आठवड्यातून एकदा पाचला बिस्किट मिळालं, तर कुत्रा रोज वाट पाहणार. अधूनमधून मिळणाऱ्या गोष्टीचा नाद नेहमी मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा चिवट असतो. आजोबांना साडेसातची वेळ द्यावी. बिस्किटाऐवजी गाजराचा तुकडा, आणि तो देण्याचा मान फक्त त्यांचा.

पिल्लांना यातलं बरंचसं लागू नाही. जितके महिने वय, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते कसंबसं धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू अकराला झोपलं तर तीनच्या सुमारास हाक मारणारच. तिथे गजर, पट्टा आणि धीर.

म्हाताऱ्या कुत्र्याचं वेगळं. दहा-अकरा वर्षांच्या पुढे ज्याने कधी त्रास दिला नाही असा कुत्रा पहाटे भुंकू लागला तर शिकवणी सुरू करायच्या आधी तपासणी करून घ्यावी: लघवी, रक्त, साखर, मूत्रपिंड, सांधे. थंडीत पहाटे सांधे आखडतात, उठताना कळ येते, तो केकाटतो. ऐकू कमी आलं की आवाज मोठा होतो. काहींना म्हातारपणामुळे विसर पडू लागतो. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, दिवसा झोपतात, रात्री येरझारा घालतात, आपलीच खोली त्यांना ओळखू येत नाही. अशांना गप करायचं नसतं. एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा, घसरू नये म्हणून गादीपासून पाण्यापर्यंत रबरी चटई अंथरावी, आणि हात पाठीवर ठेवून दोन मिनिटं बसावं. औषधं आहेत; डॉक्टरांना विचारावीत.

रस्त्यावरच्या टोळीचा कोरस सुरू झाला की घरातला नर उत्तर देतो, विशेषतः भाद्रपदापासून पुढे, जेव्हा कुत्र्यांचा हंगाम असतो. आपल्या कुत्र्याची नसबंदी आणि गल्लीतल्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी महापालिकेकडे पाठपुरावा, असे दोन्ही उपाय करावेत. ते सावकाश लागू पडतात, पण मुळाशी जातात.

काही वस्तूंपासून दूर राहावं. घट्ट नायलॉनचं मुसकं बांधून झोपवणं धोक्याचं आहे. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, तोंड मिटलं की उष्माघाताची तयारी. विजेचा झटका देणारा पट्टा वेल्समध्ये २०१० पासून बंदीत आहे आणि आपणही तो घराबाहेर ठेवावा. दूधवाला आला, भुंकलो, मानेला झटका बसला, एवढं झाल्यावर कुत्रा दूधवाल्यालाच वेदनेचं कारण समजतो आणि न भुंकता चावायला शिकतो.

शेजाऱ्यांकडे स्वतःहून जावं, तक्रार यायच्या आधी. ‘महिनाभराचं काम हाती घेतलंय, मध्ये चार दिवस जरा जास्त होईल’ एवढं सांगितलं आणि वहीतल्या वेळा दाखवल्या तर माणसं समजून घेतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दुसरीकडे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की भुंकतो म्हणून सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, पण त्याच सूचना मालकांना रात्री कुत्रा शांत राहील यासाठी सर्व प्रयत्न करायलाही सांगतात. सोसायटीच्या सभेत पहिलं वाक्य वाचणाऱ्याने दुसरंही वाचावं.

एवढं सगळं जमलेलं घरही एका पहाटेला कोलमडतं: नरक चतुर्दशीच्या. अभ्यंगस्नानाच्या आधी, चार-साडेचारलाच पहिला सुतळी बॉम्ब फुटतो. त्याची तयारी नवरात्रापासून करावी. फटाक्यांचे ध्वनिमुद्रित आवाज, तीच वाटी, तेच हरभऱ्याएवढे तुकडे, बारीक आवाजापासून. आदल्या रात्री मधल्या खोलीत किंवा खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये गादी, पंखा, दारावर जाड रजई, गळ्यात नाव-फोनची पट्टी आणि मुख्य दाराला आतून कडी, कारण घाबरलेली कुत्री याच दिवसांत पळून हरवतात. फार भिणाऱ्यासाठी डॉक्टरांकडून आधीच औषध आणून एकदा शांत दिवशी देऊन पाहावं. मनाने गुंगीचं औषध देऊ नये, काही औषधांनी अंग गळतं आणि भीती तशीच राहते. त्या पहाटे तो भुंकला तर जवळ बसावं, हात फिरवावा, बोलावं. भीतीला धीर दिल्याने भीती वाढत नाही. गजराचं वेळापत्रक तेवढे चार-पाच दिवस बाजूला ठेवावं, आणि भाऊबीज झाली की वहीत शेवटचा शांत आकडा शोधून त्याच्या वीस मिनिटं आधीचा गजर लावावा.